सात फटी, नऊ फटी

मागच्या रविवारी एका मित्राच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून मी एका जीपच्या तोंडावरच्या फटी मोजल्या. सात भरल्या. जीपचा मालक (मित्राच्या ऑफिसातला टीम लीड, माणूस चांगला आहे) अभिमानाने सांगत होता, "नाइन्टीन फॉर्टी फोर विलीज. वर्ल्ड वॉर टू." बॉनेटवर पांढरी चांदणी, अंगभर ऑलिव्ह ग्रीन, बाजूला पट्ट्याने बांधलेलं फावडं. आजूबाजूला आठ-दहा जण मोबाइलवर फोटो काढत होते. मी गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र गप्प बसवेना, म्हणून हा लेख.

महायुद्धातल्या विलीज एमबीच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. सात फटींची जाळी आली ती युद्ध संपल्यावर, नागरी वापरासाठी काढलेल्या सीजे-२ए पासून. एमबीला मागे उघडणारा फाळका नव्हता आणि स्टेपनी मागच्या बाजूला असायची. स्टिअरिंग डावीकडे. या साहेबांच्या गाडीला उघडणारा फाळका होता, स्टिअरिंग उजवीकडे होतं, आणि बॉनेट चांगलं वीतभर उंच. म्हणजे आपल्याकडचे लोक जिला 'हाय बोनेट' म्हणतात ती सीजे-३बी, महिंद्राने भारतात बनवलेली. ही गाडी कुठल्याही महायुद्धावर गेलेली नाही. तिने लढाई केली असेल तर ती आपल्याच पांदण रस्त्यांवर, सोयाबीनची पोती अन् आजारी माणसं घेऊन.

आणि माझा राग नेमका इथेच आहे. आपण जिला 'रिस्टोरेशन' म्हणतो, ते बहुतेक वेळा एका खऱ्या गाडीचा खून करून तिच्या जागी एक खोटी गाडी उभी करणं असतं. आणि हे करणारे आपणच आहोत. आयटीवाले, बँकवाले, वीकेंडला घाटात जाणारे.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण या पापात मीही भागीदार आहे.

मी मालेगावचा. (नाही, नाशिकवालं नाही. वाशिम जिल्ह्यातलं. हे वाक्य आयुष्यात इतक्यांदा बोललोय की आता टी-शर्टवर छापून घ्यावं म्हणतो.) आमच्या काकांकडे एक महिंद्रा एमएम ५४० आहे, १९८७ ची. काकांनी ती १९९६ साली अकोल्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी म्हणून घेतली. तेव्हा वाशिम जिल्हाही नव्हता, तो झाला १९९८ साली. गाडीत प्यूजोच्या डिझाइनचं डिझेल इंजिन आहे, आणि आवाज असा की ट्रॅक्टर शेजारून गेला तर दोघांनी एकमेकांना रामराम करावा.

या जीपने काय काय केलं? शिरपूरच्या जैन मंदिरात आलेले पाहुणे वाहिले. जऊळका स्टेशनवरून मामा-मावशी आणल्या. लग्नात तिच्यात चौदा माणसं बसलेली मी स्वतः मोजली आहेत (मी पंधरावा, मागे लटकून). आणि १९९९ च्या जुलैमध्ये, मुसळधार पावसात, रात्री दीड वाजता काकूला कळा सुरू झाल्या तेव्हा अकोल्याचा दवाखाना गाठला तो हिनेच. साठेक किलोमीटर. मध्ये एका नाल्यावरून पाणी वाहत होतं. काकांनी स्पेशल गिअर टाकला आणि देवाचं नाव घेऊन गाडी घातली. पलीकडे निघताना उजवं मडगार्ड पुलाच्या दगडाला घासलं. तो पोचा आजही तसाच आहे. त्या रात्री जन्मलेली माझी चुलत बहीण आज नागपुरात नोकरी करते, आणि गावी आली की त्या पोच्यावरून हात फिरवून "हा माझा बर्थ सर्टिफिकेट" म्हणते.

मागच्या दिवाळीत काकांकडे एक एजंट आला. पुण्याच्या पार्टीसाठी जुन्या जीपा शोधत फिरत होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, चेसीवरचा नंबर कापडाने पुसून पाहिला आणि आरसी मागितली. मग म्हणाला, गाडीचे दीड लाख देतो. काका काही बोलले नाहीत. तेव्हा तो हळूच म्हणाला, "काका, गाडी राहू द्या तुमच्यापाशीच. नुसते कागद अन् चेसीच्या नंबराचा तुकडा द्या. त्याचे सव्वा लाख."

परत वाचा. गाडीचे दीड, नुसत्या कागदाचे सव्वा. म्हणजे चालत्या गाडीची किंमत पंचवीस हजार. तिच्या नावाची किंमत सव्वा लाख!

हा धंदा असा चालतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला 'व्हिंटेज' जीप पाहिजे. कुठेतरी नव्या पत्र्याची बॉडी ठोकतात. हरियाणातलं मंडी डबवाली तर अशा उघड्या जीपा बनवण्यासाठी देशभर नाव काढून आहे. इंजिन एका गाडीचं, ॲक्सल दुसरीचे, गिअरबॉक्स तिसरीचा. सगळं जमतं, फक्त जन्मदाखला जमत नाही. तो आणायचा आमच्यासारख्या गावांतून. मग १९८७ च्या चेसीचा नंबर कापून दुसऱ्या लोखंडावर वेल्ड होतो आणि कोणाच्या तरी पार्किंगमध्ये 'वर्ल्ड वॉर टू' उभं राहतं. इकडे खेड्यातली मूळ गाडी बिनकागदाची होते, आणि बिनकागदाची गाडी म्हणजे भंगार.

काकांनी मला फोन करून विचारलं, "काय करू रे? तू त्यातला जाणकार हायेस." मला लाज वाटली. कारण २०१४ साली मीही हेच केलं होतं. पुण्यात, पहिल्या मोठ्या बोनसमधून, मी एक '१९५६ ची विलीज' घेतली. एका वर्कशॉपने सहा महिने घेऊन तिला चकाचक करून दिलं होतं. मोठे टायर, वर उचललेलं सस्पेन्शन, पुढे विंच. फेसबुकवर फोटो टाकला, शंभरावर लाइक. चौथ्या महिन्यात ताम्हिणीतून उतरताना एका खड्ड्यावरून गेलो आणि स्टिअरिंग असं फडफडायला लागलं की हातातून सुटतंय की काय. कशीबशी थांबवली. शेजारी बायको बसली होती, ती नंतर अर्धा तास एक शब्द बोलली नाही. गाडी उचलून गावाकडे नेली, तेव्हा आमच्या मिस्त्रीचाचांनी खाली शिरून टॉर्च मारला आणि बाहेर येऊन म्हणाले, "भैया, ही गाडी मधून कापून जोडली हाय."

एक्क्याण्णव इंचाच्या व्हीलबेसची महिंद्रा कापून ऐंशी इंचाची केलेली. कारण विलीजचा व्हीलबेस ऐंशी इंच. चेसीवरच्या वेल्डवर लांबी भरून वर काळा रंग. ती गाडी मी विकली नाही. विकली असती तर दुसऱ्या कोणाची बायको शेजारी बसली असती. भंगारात दिली. पैसे गेले, पण त्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की कापण्याआधी ती एक धडधाकट गाडी होती आणि कुठल्यातरी गावात कोणीतरी तिला 'आपली जीप' म्हणत होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय? लोखंडच ते. तर थोडा इतिहास सांगतो.

महिंद्रा कंपनीची स्थापना १९४५ ची, तेव्हाचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. चाळीसच्या दशकाच्या शेवटी विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडणी सुरू झाली. मग हळूहळू भाग इथेच बनू लागले. सीजे-३बी आली. तिचं बॉनेट उंच का, तर आतलं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले होते. म्हणजे ती उंची म्हणजे कुरूपपणा नाही, इंजिनियरिंग आहे. पुढे सीजे ३४०, सीजे ५००, एमएम ५४०, एमएम ५५०. अमेरिकेत सीजे-३बी साठच्या दशकात बंद झाली, आपल्याकडे तिचं घराणं वाढत राहिलं.

इतकं आपलं झालेलं घराणं, की महिंद्राने २०१८ साली 'रॉक्सॉर' नावाने तशीच गाडी अमेरिकेत विकायला काढली तेव्हा जीपच्या मालक कंपनीने तिकडे तक्रार केली आणि २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला. चेहरा बदलावा लागला. मुद्दा कायद्याचा नाही, गंमत बघा. जगात एका ठिकाणी भारतीय जीप स्वतःचा चेहरा राखण्यासाठी भांडत होती, आणि त्याच काळात पुण्या-मुंबईत आपण तिचाच चेहरा खरवडून तिच्यावर अमेरिकन सैन्याची चांदणी रंगवत होतो.

आणि 'नूतनीकरण केलेल्या जीपा' हा विषय या देशाला नवा नाही बरं का. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळाच जीपांचा. १९४८ साली लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयाने सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा घेण्याचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. आल्या १५५, त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. संसदेत गदारोळ झाला आणि १९५५ साली सरकारने प्रकरण बंद केलं. रंग चकाचक, आत पोकळ, ही परंपरा जुनीच म्हणायची.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण खिशाला लागणारा आहे.

एक. ऑलिव्ह ग्रीन. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे ज्या रंगाशिवाय आपली 'रिस्टोअर्ड' जीप पुरी होत नाही, तो रंगच बेकायदा.

दोन. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी लिहिली, त्याच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द ठळक वाचा आणि आपल्या गाडीभोवती एक चक्कर मारा.

तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. जुलै २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अटी दोन मुख्य. गाडी ५० वर्षांहून जुनी पाहिजे, आणि चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. (आणि रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच.) म्हणजे ज्याने १९६८ ची हाय बोनेट कापून 'मॉन्स्टर' केली, त्याने व्हिंटेजचं दार स्वतःच्या हाताने वेल्ड करून बंद केलं. आणि ज्या गरीब शेतकऱ्याने काहीच केलं नाही, फक्त तेलपाणी करत राहिला, त्याची गाडी नियमात बसते. सरकारी नियमाने इतकं काव्यात्म वागावं हे विरळाच!

सरकारची बाजू घेतोय असं समजू नका. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० रुपये केली. चाळीस वर्षं जपलेली गाडी आणि चाळीस वर्षं सडवलेली गाडी, दोघींना एकच माप. काकांसारख्या माणसाला तो एजंट देवदूत वाटतो तो याच फीमुळे. जपणाऱ्याला सवलत दिली असती तर कागदांचा बाजार निम्मा झाला असता असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता 'मॉडिफिकेशन'वाल्यांकडे वळू. त्यांचं म्हणणं, "आम्ही खोटं बोलत नाही. आम्ही गाडी सुधारतो." ठीक आहे, साधं गणित करू. जुन्या जीपचा ६.००-१६ टायर सुमारे २८ इंच उंचीचा. तुम्ही घातला ३१ इंची. चाकाची त्रिज्या सुमारे दहा टक्के वाढली. ब्रेकचा ड्रम तोच, म्हणजे रस्त्यावर लागणारा ब्रेक दहा टक्के कमी. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६६ ने जात असता. पाटे वर उचलले की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर तुटतात. स्टिअरिंगची दांडी तिरपी होते, प्रत्येक खड्ड्यावर गाडी आपोआप वळते. (ताम्हिणी!) मूळ विलीजला साठ हॉर्सपॉवर होते आणि बूस्टर नसलेले ड्रम ब्रेक. ती गाडी साठ हॉर्सपॉवरला शोभेल इतकीच थांबायची. तिच्यात दुप्पट ताकदीचं टर्बो डिझेल घालणं म्हणजे बैलगाडीला रेल्वेचं इंजिन लावून 'परफॉर्मन्स' म्हणणं. आपण ऑफिसात प्रॉडक्शनच्या कोडमध्ये एक ओळ टेस्ट न करता टाकत नाही, आणि इथे ब्रेकिंगचं अख्खं मॉड्यूल अंदाजपंचे दाहोदरसे बदलतो.

दुसरा आक्षेप: "माझी गाडी, माझे पैसे." मान्य, पैसे तुमचे. पण रस्ता तुमचा नाही आणि समोरून येणारा मोटारसायकलवाला तुमचा नाही. आणि खरं सांगायचं तर गाडीचा इतिहासही सगळा तुमचा नाही. त्यातला बराचसा आमच्या काकांसारख्यांचा आहे, जो तुम्ही डेंटिंगवाल्याला सांगून सपाट करता.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: "आम्ही घेतल्या नसत्या तर या गाड्या भंगारातच गेल्या असत्या." हे काही अंशी खरं आहे, नाकारत नाही. शहरातल्या हौशी माणसाने पैसा ओतला म्हणून कितीतरी इंजिनं पुन्हा सुरू झाली. पण मग वाचवा ना! कुजलेल्या पत्र्याला ठिगळ लावा. बोअर करा, पिस्टन-रिंगा बदला, वायरिंग नवं घाला, ब्रेकचे सिलिंडर बदला. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांची 'फिवा' नावाची शिखर संस्था आहे. तिच्या ट्युरिन सनदेत जतन, दुरुस्ती आणि पुनर्निर्माण या वेगवेगळ्या गोष्टी मानल्या आहेत, आणि आधी जतन असा भर आहे. आमच्या मिस्त्रीचाचांनी ती सनद वाचलेली नाही. पण त्यांचं म्हणणं तेच: "जितकं बिघडलं तितकंच खोला. चांगल्या नटाला पाना लावाल तर तोबी बिघडते."

तर घ्यायचीच असेल तर काय बघाल? रंग बघू नका. चेसी नंबर बघा, भोवतीचं लोखंड आजूबाजूच्या लोखंडासारखंच जुनं आहे का, वेल्डची शिवण आहे का. आरसीवरचा इंजिन नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळवा. टेप घेऊन व्हीलबेस मोजा आणि त्या मॉडेलचा किती असतो ते माहीत करून जा. मिलिटरी लिलावातली म्हणून सांगत असतील तर त्या लिलावाचे कागद त्याच चेसी नंबराचे आहेत ना ते बघा. 'जिप्सी' घेत असाल तरी हेच, ती सर्वसामान्य ग्राहकांसाठी २०१९ मध्ये बंद झाल्यापासून तिच्याही नावाने बरंच काही विकलं जातंय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आधीच्या मालकाला भेटा. एजंट भेटू देत नसेल तर घेऊ नका. भेटलात तर चहा पीत विचारा की या गाडीने काय काय केलं. ते ऐकल्यावर तुम्हाला पांढऱ्या चांदणीची गरज उरणार नाही.

राहिली काकांची गाडी. मी फोनवर म्हटलं, कागद देऊ नका. ते म्हणाले, "मंग २०२७ ले पासिंग कोण करन? माया आता गुडघा क्लच दाबू देत नाही." बरोबर होतं. उपदेश फुकट असतो, फी दहा हजार असते. म्हणून संक्रांतीला रजा टाकून गावी गेलो. चाचांबरोबर तीन दिवस बसलो. ब्रेकची गळती काढली, फ्लोअरचा कुजलेला पत्रा बदलला, वायरिंग घातलं, मागचे पाटे उतरवून एक तुटलेलं पान बदललं. गाडी माझ्या नावावर करायचं ठरलं आहे, राहील मात्र मालेगावातच. रंगाचा विषय मी काढला तेव्हा काका म्हणाले, "अबे, जीप हाय, नवरी नाही. कायले नटवतं?"

चाचांनी उजव्या मडगार्डच्या पोच्याकडे बोट करून विचारलं, "हे काढू का, भैया? पाच मिनिटाचं काम हाय."

नको म्हटलं.